नदीकाठी कुणाचं घर नाही

लोणी काळभोर
सोमवार, २२ नोव्हेंबर २००४

चि. नमू,

अनेक आशीर्वाद. काल आम्ही दिवे लागायच्या आत घरी पोचलो. स्वारगेटला बस उभीच होती, बसायलाही मिळालं. तुझा चार कप्प्यांचा डबा आईनं घासून फडताळात ठेवला आहे.

पत्र कशाला, फोन करायचा ना, असं तू म्हणशील. पण फोनवर मला 'जेवलीस का' याच्या पुढे काही सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. काल तू त्याच्यावरूनच मला बोललीस.

काल जे झालं त्यात माझं नेमकं काय चुकलं, ते मला कळलेलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून पाहतो. कुठं काही निसटलं असेल तर तू सांग.

आवळी नवमीला आवळीखाली बसून सगळ्यांनी जेवायचं, ही कल्पना तुझी. मला फार बरं वाटलं होतं. कोथरूडला राहून, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करून पोरीला कार्तिक महिना लक्षात राहिला, असं मी बसमध्ये आईला दोनदा म्हणालो. नदीकाठची ती बाग छान आहे. जेवणाऱ्यांसाठी सिमेंटची टेबलं, बाकडी, कडेला पाण्याचा नळ आणि मधोमध ती आवळी. तिच्या बुंध्यावरची पाटी सलिलरावांनी मोठ्यानं वाचली : 'आवळे महापालिकेचे आहेत. भक्ती आपली आहे. गल्लत करू नये.'

"पुण्यात झाडालासुद्धा पाटी लावल्याशिवाय सावली पडत नाही," तुझ्या सासूबाई म्हणाल्या. मग नदीकडे हात करून मला म्हणाल्या, "ही आमची मुठा. हिच्याकडे बघायचं. श्वास तेवढा घ्यायचा नाही."

मंदाकिनीबाईंचं बोलणं मला सुरुवातीला टोचायचं, आता तितकं टोचत नाही. काल तर मी हसलो.

आईनं आवळीला पाणी घातलं, सूत गुंडाळलं. मी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर तू टेबलावर ताटं मांडली होतीस, आणि डब्याचा वरचा कप्पा काढल्याबरोबर मला आपल्या गावाचा वास आला. पातोडीचा रस्सा. आपल्याकडच्यासारखा, बेसनाच्या वड्यांचा, काळ्या मसाल्याचा, तर्री आलेला.

"पहाटेपासून चाललंय हे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मला शिंका, सलिलला ठसका. शेजारचे विचारून गेले, काही जळतंय का."

तू माझ्या समोर येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "बाबा, आता बघा. हे माझं घर नाही. हे टेबल कॉर्पोरेशनचं, झाड कॉर्पोरेशनचं. पाटीवर लिहून ठेवलंय. लॉजिकली तुम्हाला इथं जेवायला काही प्रॉब्लेम नाही."

सगळे हसले. मीही. मग तू म्हणालीस, "फोनवर रोज तुम्ही विचारता, जेवलीस का. मला पण एकदा विचारायचंय. जेवता का, बाबा?"

आता इथं मी जे बोललो ते बरोबरच बोललो, असं मला वाटतं. जागा महापालिकेची असेल, पण चूल कुणाची? ज्या चुलीवर शिजलं त्या घरचं ते अन्न. टेबल बदललं म्हणून चूल बदलत नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मी पिशवीतून आपली भाकरी आणि ठेचा काढला.

"ज्ञानदेवराव, उपास आहे की बहिष्कार?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"रीत आहे, बाई," मी म्हणालो.

तुझा चेहरा उतरला, म्हणून तुला हसवायला मी आणखी एक वाक्य बोललो. "अगं, एक नातू मांडीवर ठेव माझ्या. मग बघ. ताटसुद्धा चाटून ठेवीन."

कुणी हसलं नाही. सलिलरावांनी मान खाली घातली. आईनं माझा हात दाबला, कशाला ते मला कळलं नाही. तू तशीच वळलीस आणि नदीकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहिलीस, ती आम्ही निघेपर्यंत. निघताना डबा तसाच भरलेला आईच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "आई, तू तरी ने."

मी न जेवल्याचा राग आला असेल तर तो मला समजतो. पण तेवढ्यासाठी इतका वेळ पाठ फिरवून उभं राहायचं? सलिलरावांच्या घरच्यांबद्दल माझ्या मनात काही नाही, हे मी तुला तुमच्या लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगतो.

राग गेला की दोन ओळी लिही.

तुझे बाबा


लोणी काळभोर
१६ जानेवारी २००५

चि. नमू,

आशीर्वाद. तिळगूळ पोस्टानं पाठवला आहे. हलवा आईनं घरी केला, थोडा मऊ पडला आहे.

परवा तू आईला शेजारच्या संपतकडे फोन केलास. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होतो. गेल्या दोन महिन्यांत तू फोन केलास तो नेमका माझ्या कॉलेजच्या वेळेतच केलास. हा योगायोग आहे असं मी धरून चालतो.

सलिलरावांची कंपनी त्यांना अमेरिकेला पाठवणार आणि तूही जाणार, हे मला आईकडून कळलं. ग्रंथालयात आमचे संगणकाचे सर म्हणाले, "ज्ञानदेवराव, आता तुमची चैन. डॉलर येणार." मी म्हणालो, आमच्याकडे आधी पत्र येऊ दे.

तुझ्या आईला मी विचारलं, नमूचं काय झालं आहे? ती म्हणाली, "तुम्ही पत्रं लिहा." एवढंच. अलीकडे ती माझ्याशी असंच मोजकं बोलते. मी पूजेला बसलो की ती उठून परसात जाते.

मला वाटलं, रीत म्हणजे नुसता बाबांचा हट्ट, असा तुझा समज झाला असेल. म्हणून तुझ्या पणजोबांची गोष्ट पुन्हा लिहितो. तू लहानपणी ही गोष्ट माझ्याकडून कितीदा सांगून घ्यायचीस. चंद्रभागा आत्याचं सासर पैनगंगेच्या काठी. पणजोबा तिला भेटायला चालत जायचे, दिवसभराची वाट. नदी आली की गावात शिरायच्या आधी तिथंच झाडाखाली बसायचे, घरून आणलेली शिदोरी सोडायचे, जेवायचे, नदीचं पाणी प्यायचे, चूळ भरायचे आणि मग वेशीतून आत जायचे. लेकीच्या घरी घोटभर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. वडील मला हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्याकडून ते माझ्यात आलं. दुसरं फारसं काही आलं नाही. ना जमीन आली, ना त्यांचा गळा. हे एवढं आलं. ते माझ्या हातून सुटू नये असं मला वाटतं.

तू त्या गोष्टीत नेहमी एक प्रश्न विचारायचीस. "आणि आत्याआजी कुठं असायची?" मी म्हणायचो, घरी, वाट बघत. तू म्हणायचीस, "मग ती नदीवर का नाही गेली?" मला उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून मी म्हणायचो, झोप आता.

जाण्याआधी एकदा येऊन जा. जेवायला ये. आपल्या घरी जेवायला तुला कसलीच आडकाठी नाही.

तुझे बाबा


लोणी काळभोर
६ मार्च २००५

नमू,

तुमचं विमान गेलं त्या दिवशी तुझी आई कोथरूडला येऊन तुम्हाला निरोप देऊन आली. मला कुणी ये म्हणालं नाही, म्हणून मी आलो नाही. न येण्याचं हे कारण आता लिहिताना फार लहान दिसतं आहे.

संध्याकाळी आई ज्वारी निवडत बसली होती. मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "जाऊ दे. परदेशात का होईना, एक नातवंड झालं की सगळं सुरळीत होईल."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तिचं एक गेलं. तुम्हाला माहीत नाही."

मी विचारलं, "काय गेलं?" खरंच मला समजलं नव्हतं.

"तिसरा महिना होता. दसऱ्यानंतर. आता तरी कळलं का?"

मी म्हणालो, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करणार होतात? पोथी वाचली असती."

मी म्हणालो, "तेव्हा तू म्हणालीस नमूला टायफॉइड झालाय. तिकडं जाऊन राहिलीस आठवडाभर."

"हो."

आणि नमू, त्यानंतर मी जे विचारलं ते लिहायलाही मला लाज वाटते. पण लिहितो. मी विचारलं, "मग तिथं तू जेवलीस काय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तिच्याच घरचं जेवले. तिला भरवायची आणि त्याच ताटात मी दोन घास खायची. ती म्हणायची, तू खाल्लंस तरच मी खाईन. तुमच्या देवाला काय सांगायचं ते सांगा."

तुला वाटलं असणार की आईनं मला सगळं सांगितलं आहे. आणि सगळं ठाऊक असूनसुद्धा, आवळीखाली, सगळ्यांसमोर, तुला मी म्हणालो की नातू मांडीवर ठेव, मग तुझं अन्न खाईन. ते वाक्य आता मी मनात पुन्हा पुन्हा ऐकतो, तुझ्या बाजूनं. आई माझा हात का दाबत होती ते आता कळलं. सलिलरावांनी मान खाली का घातली ते कळलं. तू कठड्याशी उभी राहून नदीकडे का पाहत राहिलीस, तेही.

मला ठाऊक नव्हतं. पण हे सांगून मी मोकळा होत नाही. ठाऊक नसतानाही मी जेवलो असतो, तर ते वाक्य तोंडातून निघालंच नसतं.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की डबा आईनं घासून ठेवला. मधलं लिहिलं नाही. त्या संध्याकाळी तो रस्सा मी संपतच्या गाईपुढे ठेवला. तेवढंच पुण्य, असं आईला म्हणालो. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं, तिखट होतं म्हणून. मग तो उकिरड्यावर गेला. आई दारात उभी राहून बघत होती. तुझी पहाटेपासूनची मेहनत कुठं गेली ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

तुझा पत्ता मंदाकिनीबाईंकडून घेतो आहे. हे पत्र वाचून फाडलंस तरी चालेल.

बाबा


गावाहून
१५ मे २००५

चि. नमू,

आशीर्वाद. चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला गावी आलो आहे. इथं ऊन फार. लग्न सकाळी लवकर उरकलं, तरी मांडवात दोघांना भोवळ आली. तुझ्या बरोबरीच्या पोरी विचारत होत्या, नम्रता तिकडं गाडी चालवते का. मी म्हणालो, चालवत असेल. मला माहीत नाही, असं म्हणवेना.

लग्नानंतर मी चंद्रभागा आत्याकडे गेलो. नव्वदीला टेकली आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण माझा हात चाचपून म्हणाली, "ज्ञानदेवा, वाळला रे." मग कुणालातरी हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते प्यालो.

मी तिला पणजोबांबद्दल विचारलं. म्हणालो, आत्या, आजोबा नदीवर शिदोरी सोडायचे, तेव्हा तू घरी काय करायचीस?

ती हसली. तोंडात दात नाहीत, तरी पूर्ण हसली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, नाहीतर ते माझे होतील :

"घरी? घरी कायले राहू? माहा बाप आला अन् मी घरी राहू? पान्याले जातो म्हनून सासूले सांगो अन् घागर घेऊन नदीवर जाओ. घागरीत भाजीचं गाडगं राहे, वरून फडकं. त्याची भाकर चालून चालून वाळून गेलेली राहे. मी माहा रस्सा त्याच्या भाकरीवर ओतो अन् तो खाये. मी म्हनो, बाबा, रीत? तो म्हने, रीत वेशीच्या आत. नदीकाठी कोनाचं घर नाही."

मी विचारलं, "मग वडिलांनी मला हे का नाही सांगितलं?"

"त्याले कोन सांगीन? बापाचं अन् लेकीचं होतं ते."

नमू, मी अंगणात बाजेवर बसून राहिलो. वडिलांनी मला अर्धी गोष्ट दिली आणि मी ती पूर्ण समजून तीस वर्षं सांभाळली. त्यातला नुसता उपास तेवढा घेतला. आणि तू, पुण्यात, त्या अर्ध्या गोष्टीतून उरलेली अर्धी आपल्या मनानं शोधून काढलीस. मग ती नदीवर का नाही गेली, असं तू विचारायचीस. ती गेली होती, बाळ. तूही गेली होतीस. नदीकाठ शोधलास, कुणाचं घर नाही अशी जागा शोधलीस, पाटीचासुद्धा दाखला दिलास. पणजोबांनी जे केलं तेच करायला तू मला बोलावलंस, आणि मी त्यांचं नाव पुढे करून ते नाकारलं.

अजून एक गोष्ट आहे. ती मी स्वतःलाही उशिरा सांगितली. सलिलराव आपल्यातले असते, लग्न मी ठरवलेलं असतं, तर त्या टेबलाशी मी इतका ताठ बसलो असतो का? बहुतेक नाही. बहुतेक मीच काही पळवाट काढली असती. लग्नाला मी हो म्हणालो, पण कुठंतरी एक नाही शिल्लक होतं, आणि ते रीतीच्या आड जाऊन बसलं. तू ते ओळखलं होतंस का? मला वाटतं, मंदाकिनीबाईंनी ओळखलं होतं. म्हणून त्या 'बहिष्कार' म्हणाल्या.

मी अजून रोज पूजा करतो. पण हल्ली नैवेद्य दाखवताना हात जड होतो. देव समोरचं खातो की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं, तरी आपण रोज ठेवतो. तू एकदाच ठेवलंस.

तुझे बाबा


लोणी काळभोर
१४ नोव्हेंबर २००५

चि. नमू,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र टपालानं नाही, मंदाकिनीबाईंच्या हातानं येतं आहे. त्या शुक्रवारी तुझ्याकडे यायला निघतील.

या वेळी आईनं मला सांगितलं. दिवाळीच्या आधी, तुझ्याशी फोनवर बोलून आली तशी, चप्पल काढायच्या आत. म्हणाली, "नमूनं तुम्हाला सांगायला सांगितलंय. माघात." मी देवापुढे जाऊन बसलो, पण काही मागितलं नाही. तू तिला हे मला सांगू दिलंस, एवढ्यावर माझं बरेच दिवस चालेल.

पण मग एक विचार आला आणि तो जाईना. माघात बाळ होईल, आणि रीत आपोआप संपेल. मग मला कुठंही बसून तुझ्या घरचं जेवता येईल. आणि त्या जेवणाला काही अर्थ राहणार नाही. मी म्हणालो होतो तसंच ते होईल. मांडीवर नातवंड आलं आणि म्हातारा जेवला.

म्हणून मी संपतकडे जाऊन मंदाकिनीबाईंना फोन लावला. त्यांना मी आपणहून केलेला हा पहिलाच फोन. म्हणालो, "बाई, मला नमूच्या घरी जेवायचं आहे. बाळ व्हायच्या आत."

त्या म्हणाल्या, "दोन-तीन महिने थांबा की. तुमची रीतही राहील आणि मला स्वयंपाकही पडणार नाही."

मी म्हणालो, "थांबलो तर ते नातवाचं होईल. मुलीचं राहून जाईल."

"बरं," त्या म्हणाल्या. "पण घरी नको. तिनं तुम्हाला जिथं वाढलं होतं तिथंच या. आवळीभोजन पौर्णिमेपर्यंत चालतं ना? मग रविवारी. मी डबा आणते. तुम्ही तुमची ती भाकरी आणू नका."

काल आम्ही गेलो. बागेत गर्दी होती. कुठल्यातरी कंपनीची मुलं आली होती, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, गळ्यात ओळखपत्रं. रविवारीसुद्धा. ती दोरी ओढायचा खेळ खेळत होती आणि इंग्रजीत ओरडत होती. तू त्यांच्यात असतीस, असं वाटून मी जरा वेळ बघत राहिलो. आपलं टेबल रिकामं होतं. आवळीवरच्या पाटीचा रंग उडाला आहे, आता नुसतं 'आवळे महापालिकेचे आहेत' एवढंच वाचता येतं.

मंदाकिनीबाई रिक्षानं आल्या. आई आणि त्या दोघी आवळीपाशी गेल्या. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, माझा यावर विश्वास नाही, पण सूत द्या इकडं. तिकडं पोर अवघडलेली आहे." आणि त्यांनी आईपेक्षा जास्त फेरे घेतले.

मग डबा उघडला. पातोडीचा रस्सा.

"तिला फोनवर विचारून विचारून केलाय," त्या म्हणाल्या. "तिनं विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी, मला डोहाळे लागलेत. आणि गूळ घातलाय, आधीच सांगून ठेवते. त्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही."

मी म्हणालो, "बाई, पण हे तुम्ही केलंय. मला तिच्या घरचं—"

"गेल्या वर्षी इथंच बसून मला कोण शिकवत होतं?" त्या म्हणाल्या. "ज्या चुलीवर शिजलं त्या घरचं अन्न. आमच्या ओट्यावरची शेगडी तिनं तिच्या पगारातून आणली आहे. माझी जुनी भंगारात दिली, मला न विचारता. चूल तिची आहे, ज्ञानदेवराव. तुमच्याच हिशोबानं. जेवा आता."

मी जेवलो.

पातोड्या फुटल्या होत्या. रस्सा गोड होता, आणि मसाला करपला होता. खरं सांगायचं तर चांगला झाला नव्हता, नमू. मी तीनदा घेतला. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती नदीकडे बघत होती. मंदाकिनीबाई दर वेळी "वाढू?" म्हणून विचारत होत्या आणि मी दर वेळी हो म्हणत होतो. हे विचारायला गेल्या वर्षी कोण उभं होतं, ते तिघांनाही ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर मी त्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो, तू उभी होतीस तिथं. पाणी काळं होतं, फेस वाहत होता. पैनगंगेसारखं काही नाही. तुझ्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं ते तिथं उभं राहून कळेल असं वाटलं होतं. कळलं नाही. फक्त हे कळलं की पाठीमागे जेवणाऱ्या माणसांचे आवाज तिथं स्पष्ट ऐकू येतात. मी भाकरी मोडत होतो, तेही तुला ऐकू आलं असेल.

मी मंदाकिनीबाईंना म्हणालो, एक पत्र न्याल का. त्या म्हणाल्या, "नेईन. वाचेल की नाही ते सांगत नाही. माझी पण ती वाचत नाही, मेल करा म्हणते."

तुझा डबाही त्यांच्याबरोबर पाठवतो आहे. रिकामा परत करायचा नाही म्हणून आई वर्षभर थांबली होती. आता तिनं त्यात डिंकाचे लाडू भरले आहेत. खालच्या कप्प्यात आपला काळा मसाला आहे. तो मी कुटला. आई फोडणीला लागली होती, म्हणून उखळापाशी मी बसलो. मला शिंका आल्या. तुझी पहाट कशी गेली असेल ते थोडं कळलं.

तुला उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. जेवण झालं म्हणून हिशोब मिटला, असं मी धरत नाही. मी जेवलो ते तू वाढलेलं नव्हतं. ते एक पान त्या टेबलावर होतं आणि मी उठलो. ते पुन्हा मांडता येत नाही.

एवढंच सांगतो. बाळाला घेऊन कधी परत आलीस, एखाद्या आठवड्यासाठी का होईना, तर नदीकाठी नको. तुझ्या घरी बोलाव. मी जेवून येणार नाही.

बाबा